हार्मोन थेरपीचं पहिलं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांशी काय बोलायचं

ह्यांच्या प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं त्याच आठवड्यात आम्ही इंदूरमधल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, "हार्मोन का इंजेक्शन लगेगा, तीन महीने में एक बार. आज ही लगवा लीजिए." चार मिनिटांत चिठ्ठी हातात आली. हे "ठीक है, सर" म्हणून उठलेसुद्धा. मी म्हटलं, कल आते हैं. मला तेव्हा काही कळत नव्हतं, नुसती भीती वाटली होती. पण तो एक दिवस हाताशी आला, त्यात मुलीने फोन करून दुसरे डॉक्टर शोधले, आणि ह्यांच्या हृदयात स्टेंट आहे ही गोष्ट कोणी विचारलीच नव्हती हे आमच्या लक्षात आलं.

तीन महिन्यांचं इंजेक्शन एकदा टोचलं की औषध आत हळूहळू सुटत राहतं. नको झालं तरी ते परत काढता येत नाही. म्हणून जे विचारायचं ते सुई लागण्याआधी विचारायचं. बहुतेक रुग्णांना त्यासाठी एक-दोन आठवडे मिळू शकतात. मणक्यावर दाब आला असेल, लघवी अडली असेल, हाडांत असह्य दुखत असेल, तर मात्र थांबायचं नाही. म्हणून सगळ्यांत पहिला प्रश्न हाच: "दो हफ्ते रुकने से कोई नुकसान होगा क्या?" ह्याचं उत्तर डॉक्टर सरळ देतात.

मी निवृत्त शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. तीन वर्षं ह्यांच्याबरोबर ओपीडीच्या बाकावर बसून, वहीत लिहून, पुन्हापुन्हा विचारून जे समजलं ते इंदूरच्या रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरातल्या आपल्या घरांसाठी मांडते आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार.

आधी कागद एका जागी आणा

फाइल जाड असून उपयोग नाही, तिच्यावर एक पान हवं. त्या पानावर आजवरचे सगळे पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचे आकडे, तारखेसह. बायोप्सीतला ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, आणि असला तर ग्रेड ग्रुप, जो १ ते ५ असतो, आकडा मोठा तितका आजार जोरात. ह्यांचा स्कोअर ४+४=८ होता, म्हणजे ग्रेड ग्रुप ४. त्याखाली स्कॅनमध्ये काय दिसलं ते: आजार प्रोस्टेटमध्येच आहे, आजूबाजूच्या गाठींत आहे, की हाडांत किंवा इतर अवयवांत गेला आहे. हाडांत असेल तर किती ठिकाणी, तेही लिहा. हाडांत चार किंवा जास्त ठिपके असून त्यातला निदान एक पाठीचा कणा आणि कंबरेच्या हाडांच्या बाहेर असेल, किंवा यकृत-फुफ्फुसांत आजार गेला असेल, तर डॉक्टर त्याला जास्त पसरलेला धरतात. ह्यांचे ठिपके दोनच होते, आणि त्यामुळे एक वेगळा पर्याय खुला झाला, त्याबद्दल पुढे सांगते.

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उपचाराआधीच एकदा मोजून घ्या. ही तपासणी हमखास राहून जाते. पुढे औषध काम करतंय की नाही हे बघायची वेळ येते तेव्हा मूळ आकडा जवळ असलेला बरा.

दुसरं म्हणजे औषधांची पिशवी. साखरेची, ब्लडप्रेशरची, रक्त पातळ करणारी, झोपेची, आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, कोणी हरिद्वारहून आणून दिलेली पुडी, सगळं. आम्ही स्टीलच्या डब्यात भरून नेलं. नावं आठवत बसण्यापेक्षा डबा टेबलावर ठेवला की डॉक्टर स्वतःच एकेक बघतात. लपवलं तर नुकसान आपलंच: एन्झालुटामाइडसारखी प्रोस्टेट कॅन्सरची गोळी यकृतातलं काम वाढवून इतर अनेक औषधांचा असर कमी करते. ह्यांची ब्लडप्रेशरची अम्लोडिपीन त्यामुळेच पुन्हा तपासून घ्यावी लागली.

नाव ऐकून फसू नका

आमच्या नणंदेला वाटलं, हार्मोन देणार म्हणजे ताकदीचं काहीतरी देणार. प्रकार उलटा आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, आणि हा उपचार ते टेस्टोस्टेरॉन बंद करतो किंवा कॅन्सरच्या पेशींपर्यंत पोचू देत नाही. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं, त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होतं, थोडं मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत. हा थोडा भाग लक्षात ठेवा, नव्या गोळ्यांचं कारण तिथे आहे.

एकट्या हार्मोन थेरपीने आजार सहसा मुळापासून जात नाही, पण बहुतेकांमध्ये तो बराच काळ दबून राहतो. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या. "आमच्या बाबतीत हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की ताब्यात ठेवण्यासाठी?" ह्यांनी हा प्रश्न स्वतः विचारला, मी नाही. उत्तर ऐकून घरी आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. तरी विचारलं ते बरं केलं असं त्यांनीच नंतर सांगितलं.

आपण कोणत्या वळणावर आहोत

एकाच इंजेक्शनचा अर्थ वेगवेगळ्या रुग्णांसाठी वेगळा असतो. शेजारच्यांना काय दिलं ते विचारून गोंधळ वाढतो तो ह्यामुळेच.

आजार प्रोस्टेटपुरता आहे आणि रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ती सिकाई, करायची आहे: मध्यम धोक्याच्या काही रुग्णांना सिकाईबरोबर ४ ते ६ महिने हार्मोन थेरपी देतात, जास्त धोका असेल तर साधारण दीड ते तीन वर्षं. इथे विचारायचं, नेमके किती महिने, आणि संपण्याची तारीख कोणती. तारीख लिहून घ्या, नाहीतर इंजेक्शन सवयीने चालूच राहतं.

ऑपरेशन किंवा सिकाई होऊन गेली आहे, स्कॅन स्वच्छ आहेत, पण पीएसए वर चाललाय: इथे घाई नसते. पीएसए किती महिन्यांत दुप्पट होतोय ह्यावर ठरतं. काही जणांना लगेच सुरू करतात, काहींना थांबवून लक्ष ठेवतात, काहींना उपचार मध्येच बंद ठेवून पीएसए वाढल्यावर पुन्हा देतात. ह्या मध्ये सुट्टी असलेल्या पद्धतीबद्दल आपणहून विचारा. सुट्टीच्या महिन्यांत माणसाला अंगात थोडी ताकद परत येते.

आजार हाडांत किंवा दूर पसरलाय: आमचं हे वळण. इथे पूर्वी एकटं इंजेक्शन देत. २०१५ च्या सुमारास डोसेटॅक्सेल ह्या केमोची, आणि २०१७ पासून अबिराटेरॉनसारख्या गोळ्यांची सुरुवातीपासून जोड दिल्यास माणसं जास्त जगतात हे मोठ्या चाचण्यांतून दिसलं. म्हणून प्रकृती झेपणारी असेल आणि तुम्हाला फक्त इंजेक्शन सांगितलं असेल, तर विचारलंच पाहिजे: "इसके साथ गोली या कीमो क्यों नहीं?" कारण असू शकतं. वय, हृदय, यकृत, पैसे. पण ते कारण आपल्याला कळलं पाहिजे. आणि पसरलेला आजार थोडाच असेल तर प्रोस्टेटला सिकाई दिल्याचा फायदा होतो हे २०१८ मध्ये दिसलं. दोन ठिपक्यांमुळे ह्यांना ती मिळाली. पहिल्या चिठ्ठीत तिचा उल्लेखही नव्हता.

वयस्कर माणसाला, आजार लहान आणि प्रोस्टेटपुरताच असताना, दुसरा कुठलाच उपचार न देता नुसती हार्मोन थेरपी सांगितली असेल तर दुसरं मत घ्या. त्या स्थितीत तिचा फायदा सहसा दिसत नाही आणि त्रास मात्र सगळा होतो.

पर्याय एकेक करून

पहिला गट नेहमीच्या इंजेक्शनांचा: ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन. महिन्याची किंवा तीन महिन्यांची मिळतात. ही टेस्टोस्टेरॉन बनवायचा मेंदूकडून येणारा हुकूम बंद करतात, पण बंद करण्याआधी पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढवतात. मणक्यात आजार असलेल्याला किंवा लघवीची वाट आधीच अरुंद असलेल्याला हा भडका महाग पडू शकतो. तो टाळायला बायकॅल्युटामाइडची गोळी आधी किंवा बरोबर सुरू करून काही आठवडे देतात. म्हणून विचारा: "पहले कुछ दिन बढ़ेगा, उसके लिए गोली दी है क्या?" आमच्या पहिल्या चिठ्ठीत ती नव्हती, आणि ह्यांचा एक ठिपका मणक्यातच होता. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

दुसरा गट डेगारेलिक्सचा. हे थेट अडवतं, भडका होत नाही आणि तीन दिवसांत पातळी खाली येते. पहिल्या दिवशी पोटाच्या कातडीखाली दोन सुया, मग दर महिन्याला एक. जागा लाल होते, सुजते, कणकण येते. दर महिन्याची चक्कर हा त्याचा खरा जाच. ह्याच जातीची तोंडाने घ्यायची गोळी, रेलुगोलिक्स, अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेलुगोलिक्स घेणाऱ्या शंभरांतल्या सुमारे ३ जणांना हृदयाचा किंवा मेंदूचा मोठा झटका, किंवा कुठल्याही कारणाने मृत्यू, असं काही घडलं. ल्युप्रोलाइड घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६ होतं. डेगारेलिक्स आणि ल्युप्रोलाइडची थेट तुलना करणाऱ्या पुढच्या चाचणीत मात्र फरक सिद्ध झाला नाही, ती लवकर थांबली होती. तेव्हा स्टेंट, बायपास, अर्धांगवायू असा इतिहास असेल तर प्रश्न विचाराच, पण एका शब्दात उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. मणका आणि स्टेंट दोन्ही बघून सुरुवात डेगारेलिक्सने केली.

तिसरा पर्याय ऑपरेशनचा, आणि त्याबद्दल घराघरांत कुजबुजच होते. दोन्ही वृषणं, किंवा त्यांतला टेस्टोस्टेरॉन बनवणारा भाग, काढून टाकतात. लहान ऑपरेशन, बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येतं. असर इंजेक्शनांइतकाच, खर्च एकदाच, तारखा सांभाळायच्या नाहीत. झाबुआ-खरगोनकडच्या गावांतून दर महिन्याला इंदूर गाठणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी मला हा पर्याय मनापासून चांगला वाटतो, आणि त्यात कमीपणाचं काही नाही. पण तो कायमचा आहे. ज्यांना ठरावीक महिने किंवा दोन-तीन वर्षंच हार्मोन थेरपी लागणार आहे, त्यांनी स्वस्त म्हणून तो घेऊ नये. आधी विचारायचं, "ये इलाज ज़िंदगीभर चलेगा या कुछ समय?" उत्तर 'ज़िंदगीभर' असेल तरच ऑपरेशनचा विचार. बाह्य रूप राखायला सगळं न काढता आतला भागच काढता येतो, तेही विचारा.

चौथा गट गोळ्यांचा, ज्या इंजेक्शन किंवा ऑपरेशनच्या जोडीला देतात. जुनी बायकॅल्युटामाइड. नवीन चार: अबिराटेरॉन, एन्झालुटामाइड, अपालुटामाइड, डॅरोलुटामाइड. वर ज्या थोड्या टेस्टोस्टेरॉनचा उल्लेख केला त्याचं उत्पादन अबिराटेरॉन रोखतं, बाकीच्या तीन कॅन्सरच्या पेशीचं दारच बंद करतात. चारांत सगळ्यांत चांगली कोणती, असं विचारू नका. "माझ्या शरीराला कोणती कमी त्रास देईल" असं विचारा.

अबिराटेरॉनबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घ्यावं लागतं, त्यामुळे साखर वाढू शकते. ब्लडप्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात, यकृत तपासत राहावं लागतं. पहिले तीन महिने तर दर दोन आठवड्यांनी. मिरगी असेल, कधी फिट आली असेल, वारंवार पडायला होत असेल तर एन्झालुटामाइडबद्दल दोनदा विचार करा, त्याने थकवाही बराच येतो. अपालुटामाइडने अंगावर चट्टे उठू शकतात, थायरॉइड मंदावू शकतो. डॅरोलुटामाइड मेंदूत कमी शिरते, पण सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर घ्यावी लागते. ह्यांना साखर असल्याने स्टेरॉइड टाळायचं ठरलं आणि एन्झालुटामाइड सुरू झाली. सकाळी घेतली की दिवसभर मरगळ यायची. डॉक्टरांना विचारून रात्रीची केली, तेव्हा बरं वाटू लागलं.

राजेंद्रनगरातल्या आमच्या ओळखीच्या काकांना अबिराटेरॉन दिली. त्यांचं सकाळी साडेसातचं पोहे-जिलबीचं व्रत चाळीस वर्षांचं, आणि गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते: खाल्ल्यानंतर दोन तासांनी आणि घेतल्यावर तासभर काही न खाता. ते पहिले पंधरा दिवस गोळी पोह्यांबरोबर घेत होते. जेवणाबरोबर हे औषध कितीतरी जास्त शोषलं जातं, त्रास वाढू शकतो. आता ते पहाटे साडेपाचला पाण्याबरोबर घेतात, मग फिरायला जातात, मग पोहे. काही डॉक्टर मुद्दाम कमी मात्रा, चारऐवजी एकच गोळी, नाश्त्याबरोबर देतात. २०१८ मध्ये एका छोट्या चाचणीत ती पद्धत पीएसए उतरवण्यात पूर्ण मात्रेइतकी उतरली होती आणि तिने खर्च खूप वाचतो. पण हे डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. आपल्या मनाने गोळ्या कमी करणं वेगळं. आणि शेव! ब्लडप्रेशर चढवणारी गोळी आणि रोजची वाटीभर शेव एकत्र चालत नाहीत, इंदूरमध्ये हे सांगणं कठीण असलं तरी सांगते.

घरात जे बोलत नाहीत ते

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, पति-पत्नी के संबंध? हे म्हणाले, "अब उम्र हो गई, सर." डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढे गेले. मी बाहेर आल्यावर म्हटलं, अहो, हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नव्हता.

इच्छा जवळजवळ संपते. ताठरता येत नाही. हे बहुतेकांना होतं, आणि त्याला माणूस आपली चूक समजतो. ह्यांनी पलंग बदलला, मला वाटलं रागावले आहेत. तीन महिन्यांनी कळलं की ते लाजत होते. म्हणून सुरुवातीलाच दोघांनी बसून डॉक्टरांना विचारावं: काय काय बदलेल, उपचार थांबल्यावर किती परत येईल, त्यावर पंप, गोळी असे उपाय आहेत का. गोळी दुकानातून आपल्या मनाने आणू नका. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखं औषध घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीवावर बेततं.

मुलासमोर बाप हे बोलणार नाही. दोन मिनिटं मुलांना बाहेर थांबायला सांगा. आमच्या मुलीने स्वतःच "मी चहा घेऊन येते" म्हणून वाट करून दिली.

अंगातून गरम वाफा येतात, घामाने बनियन भिजतं. इंदूरच्या मे महिन्यात कोणाला काही वाटत नाही, पण डिसेंबरमध्ये पहाटे तीनला उठून पंखा लावला की घर घाबरतं. सुती चादर, रात्री कडक चहा नाही, तिखट कमी. एवढ्याने भागलं नाही तर व्हेनलाफॅक्सीन किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखी औषधं आहेत, डॉक्टरांना विचारायचं. पुरुषाला रडू येतं, चिडचिड होते, उगाच उदास वाटतं. तेही सांगायचं. डॉक्टरांना फक्त "सब ठीक है" ऐकू आलं तर ते काय करणार?

ह्यांची खरी भीती वेगळीच होती. कॉलनीच्या गणेशोत्सवाचा हिशेब बावीस वर्षं हे ठेवतात. डोकं मंद झालं तर? ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना सांगितली तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. पुढच्या प्रत्येक भेटीत ते विचारतात, "हिसाब बराबर बैठ रहा है ना?" तुमच्या माणसाला रोजच्या जगण्यातली कोणती गोष्ट गमवायची नाही, ते पहिल्याच भेटीत सांगा. पर्याय निवडताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या

हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, यकृत, किडनी, हिमोग्लोबिन, ईसीजी, ब्लडप्रेशर. झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब हे हाडांचं औषध देणार असतील तर त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. ते चालू असताना दात काढल्यास जबड्याचं हाड खराब होण्याचा धोका असतो. आम्ही दोन दाढा आधी काढून घेतल्या.

स्नायू उतरतात, पोट सुटतं. त्यावर व्यायामाइतकं काही चालत नाही. आठवड्यात दीडशे मिनिटं झपझप चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हे खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात, पाण्याच्या लिटरच्या बाटल्या उचलतात. हाडांत आजार आहे म्हणून कोणते व्यायाम टाळायचे ते मात्र आधी विचारून घेतलं.

इंजेक्शनच्या दिवशी आणि नंतर

डब्यावरचं नाव, मात्रा, मुदत आणि बॅच नंबर वहीत उतरवा. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची असतात, काही २५ अंशांखाली. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत टाकून आणायची ही वस्तू नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून त्याप्रमाणे आणा. टोचणारी व्यक्ती सवयीची असावी. गोसेरेलिनची सुई जाड असते.

पुढची तारीख कालनिर्णयवर लाल पेनने. तीन महिन्यांचं बहुतेक १२ आठवड्यांचं असतं, दिवाळीत येणार असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून सोय करा. उशीर झाला की टेस्टोस्टेरॉन डोकं वर काढतं.

तीन महिन्यांनी पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही तपासायला सांगा. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं, पुष्कळ डॉक्टर २० च्या खाली असावं असं म्हणतात. पसरलेल्या आजारात सातेक महिन्यांत पीएसए ०.२ किंवा त्याखाली आला तर ते चांगलं चिन्ह मानतात. ह्यांचा ८४ वरून ०.१ वर आला, आम्ही त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. पीएसए वाढायला लागला तर लगेच हाय खाऊ नका. लॅब तीच होती का, इंजेक्शन वेळेवर झालं का, टेस्टोस्टेरॉन खाली आहे का, हे आधी बघतात. टेस्टोस्टेरॉन खाली असूनही पीएसए चढत असेल तर आजाराने नवी वाट काढली आहे. तेव्हाही इंजेक्शन सहसा बंद करत नाहीत, त्यावर दुसरं औषध जोडतात. ह्या टप्प्यावर, आणि पसरलेल्या आजारात आधीही, बीआरसीए२ सारख्या, घराण्यात उतरू शकणाऱ्या जनुकांची तपासणी लागेल का ते विचारा. उत्तर मुलांच्याही उपयोगाचं असू शकतं.

पैशाचं बोलणं

डॉक्टरांसमोर पैशाचं काढायला आपण लाजतो. लाजू नका. "महीने का कुल कितना लगेगा, इंजेक्शन, गोली, जाँच सब मिलाकर?" आणि "यही दवा कम दाम में दूसरी कंपनी की चलेगी क्या?" एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या किमतीत मोठा फरक असतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि दवा बाजारात व जनऔषधी केंद्रात विचारा. अर्ध्यात पैसे संपून औषध सुटण्यापेक्षा सुरुवातीलाच झेपेल ते निवडलेलं चांगलं, आणि तसं डॉक्टरांना सांगितलं तर ते तशी योजना करतात.

७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण घरी घ्यायची गोळी त्यात बसते की फक्त इंजेक्शन-ऑपरेशन, हे त्या रुग्णालयाच्या आयुष्मान खिडकीवर उपचार सुरू होण्याआधी विचारा.

दुसरं मत

आपल्याकडे हा रुग्ण बहुतेक वेळा युरॉलॉजिस्टच्या, म्हणजे लघवीच्या विकारांच्या सर्जनच्या, हाती असतो. ते चांगलेच असतात, पण सिकाईचा विचार रेडिएशनचे डॉक्टर आणि नव्या गोळ्यांचा विचार मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरवर औषधं देणारे डॉक्टर, वेगळ्या नजरेने करतात. तिघांनी मिळून केस बघितली का, एवढं विचारलं तरी पुरे. पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल तर अवंतिका एक्सप्रेस रात्रीत पोचवते. बरोबर फक्त रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि बायोप्सीचे तुकडे ज्यात जपलेले असतात ते मेणाचे ठोकळे लॅबमधून मागून घ्या, स्कॅनची सीडी घ्या. आम्ही ठोकळे विसरलो आणि मुलाला परत इंदूरला यावं लागलं.

हे दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका

पाठीत नवं, वाढत जाणारं दुखणं. पायांत कमजोरी, मुंग्या, चालताना पाय अडखळणं. लघवी अडणं किंवा शौचावरचा ताबा जाणं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणं असू शकतात, आणि त्यात काही तासांचा उशीर म्हणजे कायमचं अपंगत्व होऊ शकतं. रात्र असो की रविवार, थेट इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं: "प्रोस्टेट का कैंसर है, पैरों में ताकत जा रही है." छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट येणं, डोळे-लघवी पिवळी होणं, ह्यालाही थांबायचं नाही.

इमर्जन्सीच्या दारात सांगायचं ते वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं आहे, खाली डॉक्टरांचा आणि शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर. मी भाजी आणायला गेलेली असले तर घरी जो असेल त्याला शोधायला लागू नये.